रीड बेड दर पावसाळ्यात तुंबतो? वाफा उकरण्याआधी यार्ड बघा

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. आवारातलं पावसाचं पाणी नाल्यात जाण्याआधी गाळून निघावं म्हणून कारखान्याच्या कुंपणालगत रीड बेड, म्हणजे पाणवनस्पतींचा गाळणी-वाफा, केलेला असतो. खाली खडी, वर वाळू, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. पहिला पावसाळा छान जातो, पाणी नितळ बाहेर पडतं. दुसऱ्या वर्षी जुलै अर्धा सरला की वाफ्यावर पाणी साचून राहतं, कुजका वास सुटतो, डास होतात, आणि मोठी सर आली की पाणी बांधावरून उलटून थेट नाल्यात जातं. मग कॉन्ट्रॅक्टर येतो, वाळू बदलतो, नवी रोपं लावतो, बिल लावून जातो. पुढच्या जुलैत परत तेच रडगाणं.

फॅब्रिकेशन, फाउंड्री, पेंट शॉप अशा लहान-मध्यम कारखान्यांतले हे वाफे मी देखभालीच्या बाजूने बघत आलो आहे. माझं मत स्पष्ट आहे: यातल्या बहुतेक वाफ्यांत स्वतःचा असा बिघाड नसतोच. बिघाड वाफ्याच्या अलीकडे असतो, यार्डात आणि इनलेटच्या तोंडाशी. तिथे काही न बदलता दरवर्षी वाळू बदलणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं. म्हणून खाली लक्षणांपासून कारणापर्यंत कसं जायचं ते लिहितो. बरीचशी तपासणी बादली, बाटली आणि फावड्यावर होते.

मुळात गल्लत कुठे होते

आपल्याकडे झाडांच्या वाफ्यातून पाणी शुद्ध करायची पद्धत लोकांना माहीत झाली ती सांडपाण्यामुळे. नागपूरच्या नीरी संस्थेचं फायटोरिड तंत्र हे त्यातलं ओळखीचं नाव. सांडपाणी रोज येतं, साधारण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापात. तिथले जीवाणू आणि मुळं त्या रतिबाला सरावतात. पावसाच्या पाण्याचं तसं नसतं. आठ महिने थेंब नाही, आणि मग एका तासात लाखभर लिटर. सांडपाण्याच्या वाफ्याचा नकाशा उचलून पावसाच्या पाण्यासाठी वापरला की तो तुंबणारच.

हिशोब करून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक हेक्टर पक्क्या आवारावर 15 मिमीची सर पडली तर दीड लाख लिटर पाणी तयार होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे 15 टँकर. कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिमी पाऊस होतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजकडे वर्षाला सातशेच्या आसपास. पण वाळूजला पाऊस कमी म्हणून वाफा लहान चालेल, असं समजू नका. वर्षाचा आकडा कमी असला तरी एका सरीचा जोर तिथेही कोकणासारखाच असू शकतो, आणि वाफा तुंबतो तो सरीच्या जोराने.

दुसरी गोष्ट पहिल्या पाण्याची. दिवाळीनंतर मेअखेरपर्यंत यार्डात जे जे पडतं ते तिथेच राहतं: ग्राइंडिंगची धूळ, लोखंडाचा कीस, फाउंड्रीची जळकी वाळू, फोर्कलिफ्टमधून ठिबकलेलं ऑइल, टायरची झीज, गॅल्वनाइज्ड पत्र्यावरून सुटलेलं जस्त. वळवाची एक सर येते आणि हे सगळं धुऊन एकदम वाफ्यात आणते. वर्षभराच्या घाणीतला मोठा वाटा पहिल्या काही सरींत येतो. त्याला तोंड द्यायची सोय नसेल तर मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आधीच वाफा अर्धा मेलेला असतो. आपल्याला ते जुलैत दिसतं इतकंच.

पाणी उतरत नाही: वरून तुंबलंय की खालून?

हे पहिलं ओळखायचं, कारण दोन्हींचे उपाय एकदम वेगळे आहेत. चांगल्या वाफ्यात एक उभा पीव्हीसी पाइप असतो, तळापर्यंत गेलेला, खालच्या भागाला भोकं पाडलेला आणि वर झाकण असलेला. नसेल तर आधी तो बसवा; चार इंची पाइपाचा तुकडा पुरतो. वाफ्यावर पाणी साचलेलं असताना झाकण उघडा आणि आत टेप सोडा.

पाइप कोरडा किंवा पाणी खूप खाली असेल, तर वरचा थर बंद झालाय. पाणी खाली पोहोचतच नाहीये.

पाइपातलं पाणीही वाफ्याच्या पाण्याइतकंच वर असेल, तर वाळू पाणी सोडतेय पण खालून बाहेर पडायला वाट नाही. मग आउटलेट बघा. खालची भोकांची पाइपलाइन मुळांनी भरली असेल, किंवा बाहेरचा नालाच इतका भरला असेल की पाणी उलटं येतंय. हे दुसरं कारण एमआयडीसीच्या सखल प्लॉटांत वरचेवर सापडतं. तिथे वाळू बदलून काही होणार नाही. आउटलेटची पातळी वर घ्यावी लागेल, किंवा उलट्या पाण्याला अडवणारी झडप लागेल.

बहुतेकदा पहिलाच प्रकार निघतो. पाऊस दोन दिवस उघडल्यावर वाफ्यात फावड्याने वीतभर खोल सरळ उभा काप घ्या आणि माती न विसकटता बाजूला करून बघा. वर बोटभर जाडीचा करडा-काळा थर दिसेल, गुळगुळीत, बोटाने दाबला तर साबणासारखा सरकणारा. त्याच्या खाली वाळू स्वच्छ, मोकळी, कित्येकदा कोरडी. ती सगळी वाळू चांगली आहे. अख्ख्या वाफ्याला गुदमरवणारा थर तेवढाच, बोटभर. म्हणजे 60 सेंटिमीटर वाळू काढून फेकण्याची गरज नाही. उन्हाळ्यात वाफा सुकला की वरचा पाच ते दहा सेंटिमीटर थर खरवडून काढा आणि तेवढीच धुतलेली जाड वाळू घाला. वाळू धुतलेलीच हवी. न धुतलेल्या वाळूत माती असते, क्रशसँडमध्ये बारीक भुकटी असते, आणि पहिल्याच पावसात ती खाली बसून थर धरते.

काम झाल्यावर मोजून घ्या. फूटभर व्यासाच्या पाइपाचा तुकडा चार बोटं वाळूत ठोका, आत पाणी भरा, आधी एकदा जिरू द्या, मग पुन्हा भरून तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. नव्या वाळूत तासाला 100 ते 300 मिमी उतरायला हवं. 25 मिमीच्या खाली आलं की वाफा पुढच्या सरीला उरणार नाही. दरवर्षी मेमध्ये तीन-चार जागी हे मोजून वहीत लिहिलंत तर वाफा कधी दगा देणार हे तुम्हाला वर्षभर आधी कळेल.

जिओटेक्स्टाइल कापडाबद्दल एक इशारा. वाळू खडीत जाऊ नये म्हणून मध्ये कापड घालायची सवय आहे. ते कापड स्वतःच तुंबतं, आणि तिथे फावडं पोहोचत नाही. उभ्या कापात वरचा थर ठीक दिसतोय, वाळू मात्र चिंब आणि पाइपात पाणी नाही, अशी विसंगती आढळली तर संशय कापडावर घ्या. त्या जागी कापड न घालता बारीक खडीचा चार इंची थर देणं कितीतरी बरं.

आता मूळ उपाय. वाफ्याच्या आधी गाळकुंडी हवीच. ज्या वाफ्याला गाळकुंडी नाही तो किती वर्षं टिकेल हे नशिबावर आहे. जितकं पाणी हाताळायचं ठरवलंय त्याच्या दहा टक्के तरी तिची क्षमता ठेवा. वरच्या हिशोबातल्या दीड लाख लिटरला 15 घनमीटर, म्हणजे साधारण पाच मीटर लांब, तीन रुंद, एक खोल. तळ काँक्रीटचा करा, नाहीतर गाळ काढताना खालची मातीही उकरली जाते आणि खड्डा वाढत जातो. एका बाजूने उतार द्या, म्हणजे माणूस घमेलं घेऊन किंवा लहान जेसीबी आत उतरू शकेल. जिथे उतरायला अडचण, तिथला गाळ कोणी काढत नाही, हे पक्कं समजा. भिंतीवर रंगाने निम्म्या उंचीची खूण करा आणि गाळ खुणेला लागला की भर पावसाळ्यातसुद्धा उपसा. कुंडीतून पाणी एका पाइपातून वाफ्यात सोडू नका. एका जागी धार पडली की तिथे खड्डा होतो आणि बाकी वाफा कोरडा राहतो. रुंद, सपाट भिंतीवरून पाणी पातळ पसरून उतरू द्या, आणि ती भिंत लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून तपासा.

आणि बायपास. वाफ्याला झेपेल त्याहून जास्त पाणी आलं तर ते गाळकुंडीपासूनच वेगळ्या वाटेने गेलं पाहिजे, वाफ्यावरून नव्हे. पुष्कळ जणांना बायपास म्हणजे चोरवाट वाटते. पण पहिलं घाण पाणी वाफ्यात धरून ठेवून नंतरचं तुलनेने स्वच्छ पाणी बाजूने जाऊ देणं, हेच तर या रचनेचं काम आहे. मात्र हे तुमच्या यार्डात पहिल्या पाण्यानंतर खरंच स्वच्छ पाणी येत असेल तरच. भंगाराचा ढीग, उघडी रसायनं किंवा मातीचा उघडा उतार असेल तर तासाभरानंतरचं पाणीही तितकंच घाण असतं. तिथे आधी ढिगावर शेड टाका. बायपास प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रासोबत दिलेल्या नकाशात दाखवलेला असू द्या, म्हणजे मंडळाच्या भेटीच्या वेळी खुलासे देत बसावं लागत नाही.

काढलेला गाळ बागेत टाकायचा नाही. त्यात जस्त, तांबं, शिसं, ऑइल साठलेलं असू शकतं. आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. तो 2016 च्या घातक कचरा नियमांत बसला तर तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या सामायिक विल्हेवाट केंद्रांकडे पाठवावा लागतो. खर्च वाटतो खरा, पण गाळकुंडीतला घमेलंभर गाळ पाठवणं परवडतं, अख्ख्या वाफ्याची वाळू पाठवणं परवडत नाही.

बाहेर येणारं पाणी गढूळ आहे

दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एक इनलेटची, एक आउटलेटची. वर वेळ लिहा आणि खिडकीत ठेवा. तासाभराने बघा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

इनलेटची बाटली तासात नितळ झाली, तळाला गाळ बसला, तर कण जाड आहेत. गाळकुंडी हे काम सहज करेल. पाव मिमीच्या पाचव्या हिश्शाएवढा कण एक मीटर पाण्यात सात-आठ मिनिटांत तळाला जातो. पण चिकणमातीच्या दोन मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या) कणाला तेवढंच अंतर कापायला तीन दिवस लागतात, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. म्हणून सकाळीसुद्धा बाटली चहासारखी दिसत असेल, तर गाळकुंडी मोठी करून काही साधणार नाही. ती माती कुठून येते ते शोधा. यार्डाचा मुरूम टाकलेला भाग, ट्रक वळायची जागा, नव्या बांधकामाचा भराव, कुंपणाकडचा उघडा उतार. तिथे खडी पसरा, गवत लावा, ट्रकची वाट पक्की करा. वाफा चिकणमाती थोडीफार धरतो, पण धरलेली प्रत्येक चिमूट त्याचं आयुष्य कमी करते.

आउटलेटची बाटली इनलेटपेक्षा गढूळ असेल तर वाफ्यातूनच काहीतरी धुऊन निघतंय. नवा वाफा असेल तर पहिल्या काही सरींत असं होतं, थांबा. जुन्या वाफ्यात असं झालं तर भिंतीलगत चालत जा. पाणी भिंत आणि वाळूच्या फटीतून, नाहीतर घुशीच्या बिळातून सरळ खाली जात असतं. काळ्या मातीच्या भागात हे फार होतं, कारण ती माती उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पडतात आणि बांध वाफ्यापासून सुटतो. मेमध्ये भेगा बुजवून बांध चोपून घ्या. कोकणात जांभा असेल तर प्रश्न वेगळा. तिथे पाणी इतकं भराभर मुरतं की वाफा कधी तुंबलेला दिसत नाही आणि सगळे खूश असतात. पण कारखान्याचं पाणी न गाळता जमिनीत आणि शेजारच्या विहिरीत जातंय, हे दिसत नाही म्हणून चालवून घेण्यासारखं नाही. जांभ्यावरच्या वाफ्याला खाली एचडीपीई (जाड प्लास्टिक) शीट किंवा चिकणमातीचं अस्तर असलंच पाहिजे.

पाण्यावर रंगीत तवंग

तवंग दिसला की सगळे ऑइल म्हणतात आणि शॉप फ्लोअरवर आरडाओरड सुरू होते. आधी काडी घ्या आणि तवंगात फिरवा. तवंग काचेसारखा तडकून कोनदार तुकडे झाले आणि तुकडे तसेच वेगळे राहिले, तर ते लोह-जीवाणूंचं पातळ पापुद्र्यासारखी साय आहे. त्याच्या जोडीला नारिंगी, कापसासारखा साका दिसतो. ते तेल नाही, पण त्याचा अर्थ वाफ्यात पाणी फार वेळ साचून खाली प्राणवायू संपलाय. पाणी का उतरत नाही ते वर सांगितलेल्या पद्धतीने पुन्हा तपासा. अशा अवस्थेत आधी धरून ठेवलेलं लोह, मँगनीज आणि फॉस्फेट परत विरघळून बाहेर येऊ लागतात, म्हणून दुर्लक्ष करू नका.

काडी फिरवल्यावर तवंग लांबला, वळला आणि मागे परत जुळून आला, तर तेल आहे. थोडं तेल वरच्या वाळूतले जीवाणू पचवतात, पण जाड थर आला तर वाळूवर लेप बसतो. गाळकुंडीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाला खाली वळलेला एल्बो लावा, म्हणजे पाणी खालून जाईल आणि तेल वर अडकेल. अडकलेलं तेल दर आठवड्याला काढायचं, नाहीतर मोठ्या सरीत ते एकदम सुटतं.

पाऊस नसताना पाणी वाहतंय

हे मी सगळ्यात गंभीर मानतो. जानेवारीत, महिनाभर आभाळ कोरडं असताना, स्टॉर्मच्या, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या, गटारात पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही. कुठेतरी प्रोसेसचं पाणी, कूलिंग टॉवरचा ब्लोडाउन (त्यातून बाहेर सोडलेलं क्षारयुक्त पाणी), नाहीतर वॉशिंग बेचं पाणी चुकीच्या गटाराला जोडलेलं आहे. खिशात मावणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या आणि एकेक चेंबर उघडत उलट्या दिशेने जा. छपरावरून थेट धरलेल्या पावसाच्या पाण्याचा टीडीएस सहसा दोन आकडी असतो. एखाद्या चेंबरमध्ये तो हजारात गेला की त्याच्या वरच्या दोन चेंबरमध्ये जोड शोधा. मिठाचं पाणी झाडं जाळतं, आणि झाडांच्या वाफ्यातून मीठ निघत नाही. ही चूक दुरुस्त होईपर्यंत वाफ्यावर एक रुपयाही खर्च करू नका. शिवाय औद्योगिक सांडपाणी पावसाच्या गटारात सोडणं 1974 च्या जल कायद्याखाली तुम्हाला अडचणीत आणतं, ते वेगळंच.

उन्हाळ्यात झाडं जळतात, पावसाळ्यात डास

पाणकणसाला ओल लागते. एप्रिल-मेमध्ये वाफा ठणठणीत कोरडा झाला तर ते माना टाकतं. कर्दळ वरून वाळते पण खालचा कंद जिवंत राहिला तर जूनमध्ये फुटते. वाळा दोन्ही टोकं सोसतो, मुळं खोल जातात, म्हणून कोरड्या भागातल्या वाफ्यात त्याचं प्रमाण जास्त ठेवावं. कारखान्याच्या एसटीपीचं (मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं) प्रक्रिया केलेलं पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सोडलं तरी वाफा तगतो. ईटीपीचं (कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्राचं) पाणी नको, त्यात क्षार असतात. छाटणी पावसाळ्याआधी करा, पण पाणकणीस पाण्याच्या पातळीखाली कापू नका. देठातून मुळांना मिळणारी हवा बंद होऊन ते कुजतं. छाटलेला पाला गुरांना घालू नका आणि वाफ्याला कुंपण ठेवा, म्हणजे गुरं आत शिरणार नाहीत.

डासांसाठी औषध फवारण्याआधी घड्याळ बघा. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण आठवडा लागतो. पाऊस थांबल्यावर तीन दिवसांत वाफ्यावरचं पाणी उतरलं तर डास होत नाहीत. होत असतील तर तो वाफा तुंबल्याचाच पुरावा.

नमुना कधी घ्यायचा

इनलेट आणि आउटलेटचा नमुना एकाच मिनिटाला घेऊन तुलना करणारे अहवाल बरेच दिसतात. वाफ्यातून पाण्याला पार व्हायला काही तास लागतात, त्यामुळे ते दोन वेगवेगळं पाणी असतं आणि वाफा कधी उगाच वाईट, कधी उगाच चांगला ठरतो. इनलेटचा नमुना पाणी वाहू लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात घ्या. आउटलेटचे त्यानंतर तासातासाने तीन-चार घेऊन एकत्र करा. ताडून बघायला नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा हाताशी ठेवा: तरंगते घन कण लिटरला 100 मिलिग्रॅम, तेल-ग्रीस 10, जस्त 5, पीएच 5.5 ते 9. तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच धरायचे. जस्त वारंवार जास्त येत असेल आणि यार्डात त्याचं कारण सापडत नसेल, तर डोकं वर करून शेडच्या पत्र्यांकडे बघा. पन्हाळीखाली स्वच्छ बादली ठेवून पहिल्या सरीचं पाणी वेगळं तपासा. आकडा तिथेच जास्त आला तर पत्र्यांना रंग देणं हा वाफ्यातल्या कुठल्याही फेरबदलापेक्षा स्वस्त उपाय आहे, आणि ते काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्यावं लागतं.